सुदामचा राग

सुदाम रोकडेशी कधी भांडण झालं नाही असा माणूस बुवापाड्यात शोधूनही सापडला नसता. माझं तर दर आठवड्याला ठरलेलं असे. आम्ही दोघं आनंदनगरच्या एकाच कंपनीत फिटर, राहायला एकाच गल्लीत आणि रविवारच्या वंदनेला एकाच विहारात. त्यामुळे भांडायला सवड भरपूर. मी कमळाकर, स्वभावाने थंड. रिक्षावाल्याने दहा रुपये जास्त मागितले तरी देऊन मोकळा होणारा. सुदाम म्हणायचा, "तुझ्या अंगात रक्ताऐवजी ताक आहे रे." आणि वर माझ्याच घरी बसून चहा प्यायचा.

त्याला राग यायला मोठं कारण लागायचं नाही, पण कारण असायचं. कंपनीत एका नव्या कामगाराला प्रेस मशिनीवर गार्ड न लावता बसवलं, तर ह्याने मेन स्विच पाडला आणि त्याच्यापुढे हाताची घडी घालून उभा राहिला. साहेब धावत आले, "प्रॉडक्शन थांबलंय, सुदाम." हा म्हणाला, "थांबू दे. प्रॉडक्शन उद्या होईल. ह्याची बोटं उद्या परत उगवणार आहेत का?" गार्ड बसला आणि सुदामला मेमोही मिळाला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजे आला की हा गाडीवर चढून वायर उपटायचा. "बाबासाहेबांनी वाचायला सांगितलंय, बहिरं व्हायला नाही." पोरं वैतागायची, त्याला कसंबसं खाली उतरवायची, आणि तासाभराने हाच मुलाला खांद्यावर घेऊन त्याच डीजेपुढे नाचताना दिसायचा.

लांबून ह्या गोष्टी गमतीच्या वाटतात. जवळून कशा वाटतात ते शालनवहिनींना विचारा. त्या उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायच्या. दिवसभर कानाशी शिलाई मशिनी आणि घरी आल्यावर नवरा. सुदामने कधी हात उगारला नाही, पण एकदा सुरू झाला की भरल्या ताटावरून उठायचा, दार आपटायचा, आणि त्याचा आवाज थेट विहारापर्यंत जायचा. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मला साडी नको, सोनं नको. हे माणूस शांत झालेलं मला एकदा बघायचंय."

त्यांना एकच मुलगा, बुद्धभूषण. बदलापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. पोरगा अधिकारी व्हावा, हे सुदामचं एकुलतं एक स्वप्न. त्यासाठी तो रोज संध्याकाळी पोरावर बरसायचा. "आज किती वाचलंस? मोबाईल वाचला की पुस्तक?" पोरगाही बापाचाच. तोही उलट बोलायचा. दोघांची जुंपली की आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग सुदामचा उजवा हात थरथरायला लागला. सुरुवातीला पाना हातातून निसटायचा, तो मशिनीला शिव्या द्यायचा. पुढे चहाचा कप बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. गोळ्यांनी काही वर्षं निघाली. नंतर गोळीचा असर दोन तासांत उतरायचा आणि तो जागच्या जागी लाकडासारखा ताठ व्हायचा. कंपनी सुटली. विहारात यायचंही त्याने बंद केलं. वंदनेला हात जोडले की ते जोडलेले हातच हलायचे आणि लहान मुलं हसायची. मुलांवर तो रागावला नाही, घरी येऊन स्वतःच्या हातावर रागावला. शर्टाची बटणं वहिनी लावायच्या तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

बुद्धभूषणनेच मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा शोध लावला. तिथे मेंदूत बारीक तारा घालून, छातीत कातडीखाली एक डबी बसवून करंट देतात. त्यातच एक संशोधनाचा अभ्यास चालू होता, त्यात निवड झाली तर उपचार फुकट. सुदामची निवड झाली. मी बरोबर असायचो, कारण शेजारच्याची गाडी मागून आणली तरी ती चालवणारा दुसरा कोणी मोकळा नव्हता.

डॉक्टर अस्मिता वयाने लहान, पण समजावून सांगणारी बाई. त्यांनी संगणकावर सुदामच्या मेंदूचं चित्र दाखवलं. रंगीत धाग्यांचा गुंता होता सगळा. म्हणाल्या, "मेंदूतली अमुक जागा म्हणजे अमुक काम, एवढं सोपं नसतं. हे जाळं आहे. हात चालवणाऱ्या वाटेला खेटून दुसऱ्या वाटा जातात, माणसाचं मन कशात लागतं, कशाने पेटून उठतं, त्या वाटा. एकीकडे करंट सोडला की दुसरीकडे काहीतरी होतंच."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पाण्याच्या लाईनीसारखं. वरच्या गल्लीची चावी जास्त सोडली की आमच्या नळाला थेंब नाही."

"अगदी तसंच. म्हणून चावी किती सोडायची ते आम्ही हा नकाशा बघून ठरवतो. पण करंट कुठे पोचला एवढंच नकाशात दिसतं. माणूस कसा वागतोय ते घरात दिसतं. ते तुम्ही सांगायचं. तुमच्या सांगण्यावर आम्ही पुढचं ठरवणार."

वहिनींनी मान हलवली. एवढ्या शिकलेल्या बाईला आपल्या सांगण्याची गरज आहे, याचंच त्यांना अप्रूप वाटलं असावं.

ऑपरेशन झालं. जखमा भरल्यावर डॉक्टरांनी डबी चालू केली, तेव्हा आम्ही तिघंही खोलीत होतो. सुदामचा हात मांडीवर नेहमीसारखा फडफडत होता. डॉक्टरांनी पाटीएवढ्या स्क्रीनवर बोट फिरवलं आणि हात थांबला. नुसता थांबला. बुद्धभूषणने बापाच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, काठोकाठ भरलेला. सुदामने तो तोंडाला लावला, एक थेंब सांडला नाही. पोरगा बाहेर जाऊन ढसाढसा रडला. मीही रडलो, लपवत नाही.

गल्लीत नुसती जत्रा लोटली. टक्कल केलेला सुदाम दारात बसायचा आणि येईल त्याला स्वतः चहा ओतून द्यायचा. दोन्ही हात जोडून 'जय भीम' म्हणायचा. रविवारी विहारात आला, पहिल्या रांगेत बसला. आणि मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं, की सुदाम रागावत नाही. पाणी सोडणारा दोन दिवस फिरकला नाही तरी सुदाम काही बोलला नाही. जयंतीला डीजेने खिडक्यांच्या काचा हलवल्या, हा खुर्चीत बसून समोर बघत राहिला. कोणी म्हणालं, "सुदामभाऊ, हे बरोबर आहे का?" तो म्हणाला, "चालायचंच."

आता इतर कुठल्या वस्तीत लोकांना शंका आली असती. आमच्यात उलट झालं. लहानपणापासून आम्ही ऐकत आलो, की राग हा विकार, तृष्णा हे दुःखाचं मूळ, आणि सुखदुःखात ज्याचं मन हलत नाही तो धम्माच्या वाटेवर पुढे गेला. ध्यानाची दहा-दहा दिवसांची शिबिरं करून, पाय मोडून बसूनही आमच्यापैकी कुणाला ते जमलं नव्हतं. सुदाममध्ये ते डोळ्यांना दिसत होतं. बायका वहिनींना म्हणायच्या, "नशीब काढलंस गं शालन, धम्म अंगी लागला त्यांच्या." भंतेजींनीही प्रवचनात त्याच्याकडे बोट दाखवलं: मनाची समता म्हणजे काय ते इथे बघा. सुदाम ते ऐकत बसला होता. त्याला आनंद झाला नाही, संकोचही नाही.

डॉक्टरांकडे दर भेटीला वहिनींना आत बोलावत. घरी कसे आहेत? चिडचिड? वहिनी म्हणायच्या, "अजिबात नाही मॅडम. आधी फार तापट होते. आता शांत झालेत, एकदम गौतमासारखे." स्वतःहून काही करतात का, कशात मन रमतं का? "बसतात शांत. काही तक्रार नाही." सुदामला विचारलं तर तो म्हणे, "चांगलं आहे." डॉक्टर खूश व्हायच्या, करंट होता तसा ठेवायच्या. वहिनी खोटं बोलत नव्हत्या हो. आयुष्यभर ज्या शांततेची आस धरली ती त्यांना घरपोच मिळाली होती, आणि ती देणाऱ्या बाईसमोर कुरकुर त्यांच्या जिभेवर येणं शक्यच नव्हतं.

एकट्या बुद्धभूषणला ते पटत नव्हतं. तो म्हणायचा, "आई, हे पप्पा नाहीत. पुढच्या टायमाला मॅडमना खरं सांग." वहिनी त्याच्यावर डाफरायच्या, "मग काय, परत ताटं आपटायला लावू का त्यांना? हात चालतोय, घर शांत आहे, बस झालं ना तुला?"

शेवटी पोराने बापाची परीक्षा घ्यायची ठरवली. मी तेव्हा तिथेच होतो. सुदाम टीव्हीपुढे बसला होता, टीव्हीवर भोजपुरी पिक्चर चालू होता आणि तो तोही बघत होता. बुद्धभूषण समोर जाऊन उभा राहिला. "पप्पा, मी अभ्यास सोडला. पुस्तकं विकून टाकली. आता परीक्षा-बिरीक्षा देणार नाय."

सुदामने त्याच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला, आणि पोराच्या आडून टीव्ही दिसावा म्हणून मान तिरकी केली.

पुस्तकं विकली नव्हती. पोरगा माझ्या घरी आला, पलंगावर बसला आणि म्हणाला, "काका, एक शिवी तरी द्यायची ना त्यांनी." मी म्हटलं, मी वहिनींना समजावतो. पण समजावायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात बदलापूरहून परत येताना टँकरने बाईकला मागून उडवलं. बुद्धभूषण जागेवरच गेला.

पोराला घरी आणलं तेव्हाचं मला सगळं सांगवत नाही. वहिनी जमिनीवर पडून होत्या, त्यांना चार बायका धरत होत्या. सुदाम खुर्चीत ताठ बसला होता. त्याला कळलं नव्हतं असं नाही. कोण गेलं, कसं गेलं, किती वाजता न्यायचं, सगळं तो नीट सांगत होता. लोक येऊन त्याचे हात हातात घेत होते, ते हात स्थिर होते. स्मशानातून परत आलो. शेजारणीने पिठलं-भात आणून ठेवला होता. सुदाम जेवायला बसला. पोटभर जेवला. आणि म्हणाला, "ठेचा आहे का?"

वहिनींनी ते ऐकलं. रडता रडता त्या गप्प झाल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. बाहेर ओट्यावर लोक म्हणत होते, काय धीर आहे माणसाचा.

पोराच्या पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, अनित्यतेवर बोलले, आणि म्हणाले, पुत्रशोकातही मन कसं स्थिर ठेवावं हे सुदामरावांकडून शिकावं. त्यावर शालनवहिनी उभ्या राहिल्या. आमच्यात अशा वेळी घरची बाई उठून बोलत नाही. त्या म्हणाल्या, "भंतेजी, माफ करा. हा धीर नाही. ह्या माणसाचं पोरगं मेलंय आणि ह्याला दुःखच होत नाही. हा धम्म नाही, हा करंट आहे." एवढं बोलून त्या खाली बसल्या. पुढचं प्रवचन कुणाच्या कानात गेलं असेल असं मला वाटत नाही.

नंतर त्यांनी मला गाडी काढायला लावली. डॉक्टर अस्मितांपुढे त्या सगळं ओकल्या. जेवण, टीव्ही, डीजे, 'बरं', सगळं. डॉक्टरांनी ते धाग्यांचं चित्र उघडलं. "तुम्ही शांत म्हणालात आणि मी सुधारणा समजले. शांत म्हणजे कसे शांत, हे मी खोदून विचारायला हवं होतं." करंट दुसऱ्या वाटेवर पसरतोय असा त्यांचा अंदाज होता. तारेवरची दुसरी जागा चालू करता येईल, ऑपरेशननंतर कमी केलेल्या गोळ्या थोड्या वाढवता येतील. थरथर काही प्रमाणात परत येईल. बाकीचं परत येईल का, सांगता येत नाही.

"हात हलू दे मॅडम," वहिनी म्हणाल्या. "माणूस द्या मला."

सुदामला विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

काही दिवस फरक पडला नाही. मग एका सकाळी वहिनी अनवाणी माझ्या दारात. "भाऊजी, चला लवकर, ओरडतायत." गेलो तर सुदाम दारात उभा राहून पाणी सोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. उजवा हात थरथरत होता, तोंड लाल झालं होतं. वहिनी पदराने तोंड दाबून हसत होत्या. पोरगा गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. मलाही वाटलं, आला आमचा सुदाम.

आला, पण येताना त्याने ज्याच्याकडे पाठ केली होती तेही सगळं त्याच्यासमोर आलं. त्याच दुपारी तो घरात फिरता फिरता पोराच्या फळीपाशी थांबला. पुस्तकं होती तिथेच होती. त्याने एक उघडलं, मिटलं. वहिनींना म्हणाला, "शालन, त्या दिवशी मी जेवलो का गं?"

वहिनींनी त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं.

"ठेचा मागितला मी?"

तो खाली बसला आणि जनावरासारखा ओरडला. मी त्याचं भांडण पंचवीस वर्षं ऐकलं, तो आवाज कधी ऐकला नव्हता. त्याला सगळं आठवत होतं, हीच तर गोम होती. प्रेताच्या कपाळाला लागलेलं रक्त आठवत होतं, आणि ते बघून आपल्याला काही वाटलं नाही हेही आठवत होतं. सगळ्यात जास्त ते 'बरं' आठवत होतं. "माझ्यासमोर उभा होता रे तो, कमळाकर. मी शिवी द्यावी म्हणून उभा होता. आणि मी त्याला म्हटलं, बाजूला हो." मी म्हटलं, तू तसं बोलला नाहीस. तो म्हणाला, "मान वाकडी केली मी. तेच झालं."

पुढचे काही आठवडे नवरा-बायको त्या एका खोलीत मांडीला मांडी लावून रडायचे. पोराच्या गोष्टी काढायचे. तो पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा कसा पळून आला, मिरवणुकीत खांद्यावर कसा मुतला. वहिनी सांगायच्या, सुदाम ऐकायचा, मग अचानक उठून डोकं भिंतीवर आपटायचा. जेवण सुटलं. अंग अर्धं झालं. त्याला घरात एकटं सोडायची वहिनींना भीती वाटायला लागली, त्यांनी कारखान्यात जायचं बंद केलं. डॉक्टरांनी औषधं दिली, बोलायला माणूस दिला, थोडा धीर धरा म्हणाल्या. सुदामने त्यांच्यापुढे थरथरते हात जोडले. "मॅडम, मला आधीसारखं करा. मला हे सोसत नाही."

डॉक्टर म्हणाल्या, हे दुःख आजार नाही, ते हळूहळू कमी होतं. तो म्हणाला, "तुम्ही मला त्या वेळी दुःख करू दिलं असतंत तर कमी झालं असतं. आता ते दुःख आणि त्या वेळी झालं नाही त्याचं दुःख, दोन्ही एकदम आलंय. बंद करा."

त्याला बाहेर बसवून त्यांनी वहिनींना आत घेतलं. म्हणाल्या, मधलं काहीतरी जमतं का ते शोधू, पण त्याला महिने लागतील, आणि तोवर हे टिकतील याची खात्री मला नाही. शेवटी निर्णय पेशंटचा आहे. तरी घरच्यांचं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय.

वहिनींनी काचेतून बाहेर बघितलं. सुदाम बाकावर वाकून बसला होता, आणि एक हात दुसऱ्या हाताने दाबून धरत होता.

"त्यांना सोडवा," वहिनी म्हणाल्या.

करंट पूर्वीसारखा केला, त्याला आता तीन महिने झाले. सुदाम दोन वेळा जेवतो, अंगाने भरलाय. येईल त्याला चहा ओतून देतो, थेंब सांडत नाही. डॉक्टर अधूनमधून बोलावतात, थोडा थोडा करंट बदलून बघू म्हणतात. तो म्हणतो, नको. वहिनी परत चार नंबरला धागे कापायला जातात.

काल त्या कारखान्यातून येताना माझ्या ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "आज आपल्या बुद्धभूषणचा वाढदिवस, असं यांना सकाळी सांगितलं. हो का, म्हणाले." थोडा वेळ त्या बोटांना अडकलेले निळे धागे काढत बसल्या. मग म्हणाल्या, "ते थोडे दिवस आम्ही दोघं मिळून रडत होतो ना भाऊजी, तेव्हा मला जरा हलकं वाटायचं."